अकरा अंगठे

येसूबाई भोये होळीच्या दिवशी पाड्यातल्या पोरांची वजनं करायच्या. त्या दिवशी सरकारी सुट्टी, अंगणवाडी बंद, महिन्याचा अहवाल आठ दिवसांपूर्वीच वर गेलेला. तरी सकाळी सातला अंगणवाडीसमोरच्या आंब्याच्या फांदीला काटा टांगलेला असायचा आणि खाली वही मांडीवर घेऊन येसूबाई बसलेल्या असायच्या.

कारण साधं होतं. दिवाळी झाली, भात झोडून झालं की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर जायचा. कोणी वाड्याकडे, कोणी भिवंडीकडे. लहान मुलं आईबापांबरोबर. ही माणसं मध्ये एकदाच घरी येत, होळीला. मालक नको म्हणाला तरी येत. चार दिवस राहत आणि परत जात, ती थेट पावसाच्या तोंडाला येत. आमच्या ठरलेल्या तारखेला वजन करायचं म्हटलं तर ही मुलं काट्याला कधी लागलीच नसती.

"शिमग्याला सगळी घरी असतात," येसूबाई म्हणायच्या. "तवा काटा पण शिमग्यालाच लावायला पायजे. तुमची तारीख ऑफिसात ठेवा."

मी त्यांची मुख्यसेविका होते, म्हणजे पंचवीस अंगणवाड्यांवर देखरेख करणारी. साखरशेतच्या बाजूची गावं माझ्याकडे होती. येसूबाईंचा पाडा त्यातलाच, रस्ता संपल्यावर अर्धा तास चालून जायचा. त्याचं नाव इथे देत नाही. नवरा जव्हारच्या एका शाळेत शिक्षक, आम्ही एसटी डेपोच्या मागे दोन खोल्यांत राहायचो. चौदा वर्षं राहिलो. मुलगी मुग्धा तिथेच लहानाची मोठी झाली.

येसूबाई बुटक्या, काटक, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. पाड्यातल्या पहिल्या दहावी पास बाई. अक्षर इतकं सुंदर की त्यांच्या वह्या मी इतर सेविकांना दाखवायला न्यायचे. बोलणं मात्र फटकळ. माझ्या गाडीचा आवाज ऐकून बाकीच्या सेविका पोरांना ओळीत बसवायच्या. येसूबाई उठायच्याही नाहीत. "बसा मॅडम, हात धुवा," एवढंच. मग खिचडीची थाळी समोर यायची. पोरांची खिचडी खाल्ल्याशिवाय त्यांनी मला कधी चहा दिला नाही. मला काय, कुणालाच दिला नाही.

एकदा जिल्ह्यावरून एक मोठे साहेब आले होते. येसूबाईंनी थाळी पुढे केली. साहेब म्हणाले, "माझा आज उपवास आहे."

"मंग काट्यावर बसा," येसूबाई म्हणाल्या. "इथं जो येतो त्यानं एक तरी करायचं. खायचं, नायतर वजन द्यायचं."

साहेब हसले आणि म्हणाले, "बसतो की. कुठे बसू?"

येसूबाईंनी काट्याकडे पाहिलं, साहेबांच्या पोटाकडे पाहिलं. "राहू द्या. काटा पंचवीस किलोचाच हाय."

साहेबांनी उपवास मोडला. परतताना गाडीत ते मला म्हणाले, बाई चांगली आहे, जरा आवरा तिला. मी हो म्हणाले. येसूबाईंना कसं आवरायचं ते मला माहीत नव्हतं आणि गरजही वाटत नव्हती, कारण त्यांच्या कामात मला कधी चूक सापडली नव्हती.

काट्यावर त्यांचा विश्वास नसायचा. वजनं सुरू करण्याआधी त्या दुकानातला एक किलोचा मिठाचा पुडा टांगून बघायच्या. काटा नऊशे दाखवत असला तर मागचा स्क्रू पिळायच्या, पुन्हा पुडा टांगायच्या. बरोबर एक किलो दाखवला की मगच पहिलं पोर कापडी झोळीत बसायचं. माझ्या बाकीच्या चोवीस अंगणवाड्यांत काटा आला तसा टांगला जायचा. येसूबाई म्हणायच्या, "पोर हलकं झालं का काटा, आधी कळायला पायजे ना."

कुपोषित हा शब्द त्या आयांसमोर वापरत नसत. 'पोर हलकं झालं' म्हणायच्या. आयांना रागवायच्याही नाहीत. राग सगळा माझ्यासाठी राखून ठेवलेला.

पहिल्यांदा मी होळीला त्या पाड्यावर गेले ते कामासाठी नव्हे. मुग्धाला होळीचा नाच बघायचा होता म्हणून आम्ही तिघं सकाळीच निघालो. पोचलो तर हा आंब्याखालचा दरबार. येसूबाईंनी मला बघितलं आणि वही माझ्या हातात दिली. "बरं झालं आलात. मी वाचते, तुम्ही लिहा."

मी लिहीत गेले. आया रांगेत, नव्या साड्या, केसांत फुलं. पोरांच्या अंगावर अजून भट्टीची लाल धूळ. येसूबाई काट्याकडे बघून आकडा सांगत होत्या. अकरा मुलं भट्टीवरून आलेली. तक्त्यावर हिरवा पट्टा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे दवाखान्यात न्या. अकरातली सात लाल पट्ट्यात गेली. दिवाळीला जाताना त्यांतलं एकच लाल होतं.

माझा अहवाल वर गेलेला होता. त्यात या पाड्याला लाल मूल एकच होतं.

"ही पुढच्या महिन्यात घेऊ," मी म्हणाले.

"पुढले महिन्यात ही भट्टीवर असतील."

"मग तिथल्या अंगणवाडीत लागतील."

येसूबाईंनी झोळीतल्या पोराला उचलून आईकडे दिलं. "तिथली बाय म्हणते आमची नाय. तुम्ही म्हणता इथं नाय. मंग पोरां हायेत कठं?"

दुपारी नाच बघितला, भात आणि उडदाची आमटी खाल्ली, घरी आलो. ती सात नावं मी नंतरच्या अहवालातही घातली नाहीत. नियमाने ती मुलं स्थलांतरित होती आणि स्थलांतरित मुलं आमच्या आकड्यात धरायची नव्हती.

इथे नियम सांगायला हवा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी न्यायला कोरड्या आहाराची पाकिटं मिळत. आईने यायचं, वहीत सही करायची किंवा अंगठा लावायचा, पाकिटं घ्यायची. मूल गाव सोडून गेलं की नावापुढे 'स्थलांतरित' लिहायचं. तसं लिहिलं की पाकिटं बंद. परत आल्यावर नाव पुन्हा चढवायचं, त्याला महिना-दोन महिने लागत. होळीचे चार दिवस त्यात कुठेच बसत नाहीत.

येसूबाईंनी एकाही नावापुढे स्थलांतरित लिहिलं नाही. महिन्याची पाकिटं आली की अकरा मुलांची वेगळी काढायच्या, प्रत्येक मुलाची एका दोरीत ओवायच्या आणि दोरीला पाकिटं असतील तितक्या गाठी मारायच्या. ते गाठोडं डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत चालत यायच्या आणि भट्टीकडे जाणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरकडे द्यायच्या. आयांना वाचता येत नव्हतं, गाठी मोजता येत होत्या. वाटेत पाकीट कमी झालं तर गाठ बोलायची. तो ड्रायव्हर एकदा मला हसत म्हणाला, "मॅडम, या बाईने मला चोर ठरवला चोरी करायच्या आधीच."

हे सगळं मला माहीत होतं. पाकिटं अंगणवाडीच्या हद्दीबाहेर पाठवायची नसतात हे मलाही आणि त्यांनाही माहीत होतं. मी बोलले नाही. पोरांच्या पोटात जातंय ना, असा माझा हिशेब.

मग वहीचा प्रश्न आला. पाकिटं दिली तर आईचा अंगठा हवा. आया भट्टीवर. एका महिन्याची वही तपासताना मी बघितलं, अकरा नावांपुढे अकरा अंगठे, निळ्या शाईचे, सगळे एकसारखे. डावा अंगठा, मधोमध कापल्याची आडवी खूण. भात कापताना येसूबाईंना विळा लागला होता, ती खूण मी शंभरदा पाहिलेली.

"येसूबाई, हे कुणाचे अंगठे?"

"माझे."

"तुम्हाला सही येते."

"सही केली तर माझं नाव दिसंल. पाकीट मी नाय घेतलं, पोरांनी घेतलं."

"मग आयांचा अंगठा म्हणून तुमचा?"

"आयांचे हात तिकडं विटांत. पोरांचं खाणं माझ्यावर सोपवून गेल्यात. मंग अंगठा कुणाचा लागंल?" आणि मग जरा चिडून, "खोटा नाय हाय तो मॅडम. खोटा करायचा असता तर अकरा बायांचे अकरा लावले असते, पाड्यात बोटं काय कमी हायेत?"

हे मला तेव्हा पटलं. आजही पटतं. ज्याला फसवायचं असतं तो एवढी मोठी खूण असलेला एकच अंगठा अकरा वेळा लावत नाही. मी खाली सही केली. तपासले, तारीख, सही. त्यानंतर दोन हिवाळे दर महिन्याला केली.

तपासणी झाली ती जानेवारीत. पथक बाहेरून आलं होतं. पाकिटांच्या वहीत चोवीस मुलं, पाड्यात सापडली तेरा. अकरा कुठे, असं विचारल्यावर येसूबाईंनी भट्टीचं नाव सांगितलं, रस्ता सांगितला, ड्रायव्हरचं नावही सांगितलं. अंगठे कुणाचे, तर म्हणाल्या माझे. बचाव म्हणून एकही गोष्ट लपवली नाही. पथकातल्या बाईंना वाटलं, ही गुन्हा कबूल करते आहे. त्यांनी लिहिलं, बोगस लाभार्थी अकरा, बनावट अंगठे अकरा, आहाराचा अपहार.

माझ्याकडून खुलासा मागवला. त्याच वेळी माझी कल्याणच्या बाजूला बदली ठरत होती. सात वर्षं अर्ज करत होते. मुग्धाची बारावी झाली होती, नवऱ्याची आई अंथरुणाला होती, तिकडे जाणं भाग होतं. खुलाशात दोन गोष्टी लिहिता येत होत्या. एक, मला माहीत होतं, पाकिटं मुलांपर्यंत पोचतात, ड्रायव्हरला विचारा, भट्टीवर जाऊन आयांना विचारा. दुसरी गोष्ट एका वाक्याची होती. मी ते वाक्य लिहिलं. 'सदर बाब माझ्या निदर्शनास आली नाही.'

माझ्या सहीचं काय, असं कुणीतरी विचारेल म्हणून मी पुढे जोडलं, की कामाच्या ताणामुळे अंगठ्यांची बारकाईने पडताळणी शक्य होत नाही. कुणी विचारलं नाही. मला ताकीद मिळाली आणि तीन महिन्यांत बदली मिळाली. येसूबाईंना कामावरून कमी केलं. सुनावणीत माझा खुलासा त्यांच्यासमोर वाचून दाखवला, हे मला नंतर कळलं.

किल्ली, काटा आणि वह्या द्यायला त्या जव्हारला आमच्या घरी आल्या. कार्यालयात द्यायचं सोडून घरी का, ते मी विचारलं नाही. चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही. सामान जमिनीवर मांडलं, मला मोजायला लावलं, पोच लिहून घेतली. मी काहीतरी बोलायला सुरुवात केली, माझी परिस्थिती, सासूबाई वगैरे. त्यांनी मध्येच विचारलं, "त्या अकरांचं काय?"

"नवीन सेविका येईल ना."

"कधी?"

"जाहिरात निघेल."

त्यांनी मान हलवली आणि उठल्या. दारातून मुग्धाला म्हणाल्या, "चांगली शीक गो." मला काही नाही.

जाहिरात सात महिन्यांनी निघाली. तोवर शेजारच्या गावातल्या सेविकेकडे पाड्याचा जादा भार होता. तिने पहिल्याच दिवशी अकरा नावांपुढे स्थलांतरित लिहिलं. पावसाळ्याआधी त्यातलं एक मूल भट्टीवर दगावलं, दीड वर्षाची मुलगी. पाकिटं मिळाली असती तर ती जगली असती, असं मी म्हणणार नाही. तसं कुणालाच म्हणता येणार नाही. ती आमच्या आकड्यात नव्हती, भट्टीकडच्या आकड्यातही नव्हती. पाड्यातल्या अंगणवाडीच्या मदतनीस बाईंनी फोन केला नसता तर मला कळलंही नसतं.

यंदा होळीला आम्ही जव्हारला गेलो. मुग्धाचं लग्न झालं आहे. नवऱ्याला लहानपणचं गाव दाखवायचं तिच्या मनात होतं. दोन दिवस लॉजवर राहिलो. डेपोमागच्या खोल्या बघितल्या, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. दाभोशाचा धबधबा बघितला, मार्चात असते तेवढी धार होती. गावातली होळी बघितली. जावई पुण्याचा, त्याला सगळंच आवडत होतं. मुग्धाने तीनदा विचारलं, "आई, येसूबाईंकडे जायचं ना?" दोनदा मी वेळ नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तिने गाडी सरळ तिकडे वळवली.

आता पाड्यापर्यंत रस्ता झाला आहे. अंगणवाडीला नवी इमारत, भिंतीवर हत्ती, ससा आणि बाराखडी. दाराला कुलूप, सणाची सुट्टी. आंब्याखाली पोरं खेळत होती, भट्टीवरून आलेली ओळखू येतात. काटा कुठेच नव्हता. रस्त्याच्या टोकाला एक जीप उभी होती, टपावर गाठोडी आणि भांडी बांधणं चाललं होतं. होळी संपली होती, माणसं परत निघाली होती.

येसूबाई जीपजवळ उभ्या होत्या, कडेवर नात. केस पूर्ण पांढरे. मला बघून त्यांनी डोळे बारीक केले.

"मॅडम? वाट चुकलात काय?"

"होळीला आलो होतो. मुग्धाला भेटायचं होतं तुम्हाला."

"मुग्धा एवढी झाली." त्यांनी तिच्या गालाला हात लावला. "आणि हा?"

"जावई."

त्यांनी जावयाला वरून खाली पाहिलं. "बरा हाय. भरलेला हाय." मुग्धा हसली. जावईही हसला.

"तुम्ही कुठे निघालात?" मी विचारलं.

"भट्टीवर. पोरगा, सून दोघं विटा थापायला बसतात. हिला कोण बघंल?"

मी नातीकडे पाहिलं. डोकं मोठं, दंड माझ्या दोन बोटांएवढे. चौदा वर्षांची सवय, विचारलं गेलंच. "वजन केलं का हिचं?"

"कोण करणार? नवी बाय सुट्टीवर."

"नाव आहे ना अंगणवाडीत?"

"होतं. दिवाळीनंतर गेली तवा मोबाइलमध्ये स्थलांतरित मारलं." त्या शांतपणे सांगत होत्या. "ती बाय चांगली हाय हो. कागद एकदम नीट. तिला कुणी काढायचा नाय."

"मी बोलते कार्यालयात. अजून ओळखी आहेत माझ्या. हिला जव्हारच्या दवाखान्यात दाखल करून घेतील."

"काय सांगाल?"

"सांगेन, मी स्वतः बघितलं म्हणून."

येसूबाईंनी नातीला कडेवर सावरलं. "तुमचे निदर्शनास आलं म्हणून?" त्यांनी तो सरकारी शब्द जसाच्या तसा उच्चारला. आवाज चढवला नाही. मुग्धाला काही कळलं नाही, तिने ते कागद कधी पाहिलेले नाहीत.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. जीपची पायरी उंच होती. "जरा धरा हिला," म्हणून त्यांनी नात माझ्याकडे दिली आणि दांडी पकडून वर चढू लागल्या. पोरीचं अंग हातात आलं आणि मी आपोआप तोलून बघितलं. हाताला काय लागलं ते मला लगेच कळलं. दोन वर्षांचं मूल असं लागत नाही.

येसूबाई वर बसल्या, हात पुढे केले. नात घेताना विचारलं, "किती?"

"आठ असेल."

"आठ असली तरी लालच, मॅडम," त्या म्हणाल्या. "सव्वासात हाय."

जीप सुरू झाली. मागच्या बाजूला त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. धूळ लागू नये म्हणून पोरीच्या तोंडावर पदर ओढला आणि मोकळा हात वर करून समोरच्या सुनेला काहीतरी सांगू लागल्या. बोटं मोजत होत्या. पावसाला किती महिने राहिले ते असावं. एक, दोन, तीन. मग जीप वळली.